साथीच्या वाटेवरचे पहारेकरी

मराठीत 'साथ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. गायकाला तबलजी साथ देतो, संसारात जोडीदार साथ देतो, आणि गावात कॉलऱ्याचीही साथ येते. सोबतीसाठी आणि संकटासाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरावा, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाचे लक्ष शब्दांच्या अशा खोड्यांकडे जास्त जाते. पण आजचा विषय कवितेचा नाही. जैविक दहशतवाद आणि मोठ्या आपत्ती यांना तोंड द्यायला राज्याची आरोग्य यंत्रणा किती तयार असते, हा आजचा विषय आहे. ऐकायला तो मंत्रालयातल्या एखाद्या बैठकीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात आपल्या गावच्या उपकेंद्रात आणि पाण्याच्या टाकीजवळ होते. इतिहासाकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते.

आमचे मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले आहे. एकेकाळी विशाळगड जहागिरीचे हे ठिकाण. कोकणातून घाटावर आणि घाटावरून कोकणात जाणाऱ्या माणसांची नि मालाची ही जुनी वाट. मीठ, मासळी, तांदूळ ज्या वाटेने येतात त्याच वाटेने रोगही येतो. म्हणून वाटेवरच्या गावांना साथीची आठवण अधिक असते. जुनी माणसे प्लेगला 'गाठीचा ताप' म्हणत आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला 'मानमोडी'. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या टाकून राहायचे, हे त्या पिढीला कुणी शिकवावे लागत नव्हते. ती त्यांची तयारीच होती. सरकारी कागदावर नसलेली, पण अनुभवातून आलेली.

आता जरा मागे जाऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासले आणि हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. धक्क्याजवळच्या धान्याच्या गोदामांचा तो भाग. उंदरांना खायला मुबलक आणि माणसांना राहायला जागा नाही, अशी तिथली परिस्थिती. बंदराचे शहर म्हटल्यावर प्लेगचे नाव घेणे व्यापाराला परवडणारे नव्हते. त्यामुळे हे निदान सहजासहजी कुणाला मान्य होईना. पण व्हिएगस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पुढे रोगानेच त्यांचे म्हणणे खरे केले. १८९७ उजाडेपर्यंत मुंबईतून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले होते. जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले असे सांगतात. या लोंढ्यांबरोबर, आगगाडीच्या डब्यांतून, प्लेग पुण्याला आणि पुढे गावोगाव पोहोचला.

सरकार घाबरले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. साथ आवरण्यासाठी सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि उपाय योजणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा मतितार्थ. लोकांना माहिती द्यावी, त्यांना विश्वासात घ्यावे, याविषयी त्यात अक्षर नव्हते. पुण्यात या कायद्याच्या जोरावर रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासली. देवघरात, स्वयंपाकघरात बूट घालून माणसे शिरली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

त्याच काळातला मुंबईचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असा त्यांचा समज झाला होता. मार्च १८९८ मध्ये मुसलमान जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक गेले आणि त्यातून दंगल उसळली. कामगार हिंदू असो की विणकर मुसलमान, भीती एकच होती: आपले माणूस उचलून नेतील आणि त्याचे तोंड पुन्हा दिसणार नाही. मग रोगी लपवले जाऊ लागले. प्रेते गुपचूप पुरली जाऊ लागली. ज्या तपासणीने रोग सापडायचा, त्या तपासणीच्या भीतीनेच तो दडला.

आणि गंमत पाहा, साथीत वेगळे राहण्याची शिकवण या लोकांना परकी होती असेही नाही. जिथे 'ताऊन' म्हणजे प्लेग पसरला आहे तिथे जाऊ नये आणि असलेल्याने तिथून पळून जाऊ नये, अशा अर्थाची पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या खेड्यांतही देवी आलेल्या घरी कुणी जात नसे, दाराला लिंबाचा डहाळा असे. सरकारने त्या समजुतीचा हात धरला असता तर? पण बंदुकीच्या दस्त्याने दार ठोठावणाऱ्याला घरातली समजूत कशी दिसणार?

याच साथीत दुसऱ्या तऱ्हेनेही काम झाले. ओदेसाहून आलेल्या वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लस घ्यायला कचरत होते. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर उघडपणे ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी रोग्यांची सेवा केली. एका मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हुकमाने न उघडणारी दारे अशा माणसांसाठी उघडत होती. साथीच्या तयारीतला हा भाग कुठल्याही गोदामात साठवून ठेवता येत नाही.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेचे नाव एका विलक्षण खुनाच्या खटल्यातही आले होते. जैविक दहशतवाद हा शब्द जन्मालाही आला नव्हता त्या काळातली ही गोष्ट.

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनवर गर्दीत पाकूडच्या जमीनदार घराण्यातला तरुण वारस अमरेंद्र पांडे याच्या दंडाला काहीतरी टोचले. टोचणारा गर्दीत नाहीसा झाला. अमरेंद्रला ताप भरला आणि ४ डिसेंबरला तो कलकत्त्यात मरण पावला. रक्त तपासले तेव्हा त्यात प्लेगचे जंतू निघाले. तपासात उघड झाले की सावत्र भाऊ विनयेंद्र याने मालमत्तेसाठी तारानाथ भट्टाचार्य या डॉक्टराशी संगनमत केले होते. जंतू मिळवण्यासाठी तारानाथने मुंबई गाठली होती. हाफकिन संस्थेने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय जंतू द्यायला नकार दिला होता. मग आर्थर रोडच्या रुग्णालयात संशोधनाच्या निमित्ताने प्रवेश मिळवून त्याने तिथे या जंतूंवर हात चालवला. दोघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली.

या खटल्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, पुढचे दार कडेकोट बंद असले तरी बाजूचे दार उघडे राहू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा खून पकडला कसा गेला? कलकत्त्यात त्याआधीची काही वर्षे प्लेग नव्हता आणि नसल्याची नोंद होती. म्हणून तिथल्या एका प्लेगच्या रुग्णाकडे बोट दाखवून विचारता आले की हा आला कुठून? नेहमीचे काय ते ठाऊक असेल तरच वेगळे काय ते उठून दिसते. नोंदवहीच नसती तर एक तरुण तापाने गेला, एवढेच लोक म्हणाले असते.

पन्नास वर्षांनंतरची दुसरी गोष्ट अमेरिकेची, पण तिचा धागा पुण्याशी जुळतो. पुण्याचा आश्रम सोडून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांच्या अनुयायांनी ओरेगन राज्यात वसाहत उभारली. १९८४ मध्ये स्थानिक निवडणुकीवर प्रभाव पाडण्यासाठी तिथल्या काही प्रमुख मंडळींनी द डॅलेस या गावातल्या हॉटेलांतील सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावले नाही. आरोग्य खात्याचा आधीचा निष्कर्ष काय होता? हॉटेलच्या कामगारांनी हात नीट धुतले नसावेत. खरे कारण बाहेर यायला सुमारे वर्ष लागले. सगळ्या सोयी असलेल्या देशात ही कथा. म्हणजे हल्ला झाला आहे हे हल्ल्याच्या दिवशी कळेलच असे नाही. बॉम्ब फुटला की आवाज होतो. जंतूला आवाज नसतो.

२००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रे टपालाने गेली. पाच माणसे मेली, सतरा आजारी पडली. त्या दिवसांत आपल्याकडेही पांढऱ्या भुकटीची पाकिटे सापडू लागली. पोस्टमन पाकीट हातात घ्यायला घाबरत होते. कुठे टाल्कम पावडर तर कुठे पीठ. त्या भुकटीने आपल्याकडे कुणाला मारले नाही, पण तिने प्रयोगशाळांना कामाला लावले आणि लोकांची झोप उडवली. 'आधी परकीय शत्रू' म्हणणाऱ्यांसाठी पुढचा तपशीलही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००८ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने काढलेल्या निष्कर्षानुसार ती पत्रे त्यांच्याच लष्करी प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाने पाठवली होती.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे मातीखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या आपत्तीने राज्याला आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला मोठा धडा दिला. पुनर्वसनाबरोबरच जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे आणि नियंत्रण कक्ष यांची पायाभरणी त्यानंतर झाली. पण जमीन हलायची थांबली म्हणून आपत्ती संपली असे होत नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले. मग पिसवांचा त्रास वाढला. मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. भूकंपानंतर पडक्या, सोडलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदरांची संख्या वाढली, असे एक कारण त्या वेळी मांडले गेले.

उंदीर पडतात तेव्हा काय करायचे, हे १८९७ च्या पिढीला ठाऊक होते. १९९४ ला ते विस्मरणात गेले होते. भारतात १९६६ नंतर प्लेगचा पक्का रुग्ण सापडला नव्हता, त्यामुळे प्लेगवरची नजरही ढिली पडली होती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसांनी ते शहर सोडले. कित्येक देशांनी भारताशी विमान वाहतूक तोडली. हा परकीय कट आहे, अशी कुजबुजही झाली. देशभरात पन्नासहून थोड्या अधिक माणसांचे बळी गेले. भीतीने केलेले नुकसान त्याच्या अनेक पट होते. मामल्याच्या लोकांनी पाहिलेले मेलेले उंदीर हा पहिला निरोप होता. तो योग्य टेबलावर वेळेत पोहोचून त्यावर हालचाल होणे, याचेच नाव पूर्वतयारी.

या धक्क्यानंतर देशात रोगांवर नजर ठेवणारी यंत्रणा उभारण्याचे प्रयत्न सुरू झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातच महाराष्ट्र त्यात आला. त्याची रचना साधी आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरने ताप, जुलाब, खोकला, कावीळ अशी लक्षणे नोंदवायची. डॉक्टरांनी संशयित निदान नोंदवायचे. प्रयोगशाळेने खात्री झालेले रुग्ण नोंदवायचे. हे तिन्ही नमुने आठवड्याला जिल्ह्याला जायचे. २०२१ पासून हे काम संगणकाच्या एकाच मंचावर आले आहे आणि आठवडा थांबावे लागत नाही. एखाद्या वाडीत नेहमी दोन जुलाबाचे रुग्ण असतात आणि एकदम वीस झाले, तर कुणीतरी विचारले पाहिजे: का? पाण्याची पाइप फुटली, की लग्नाच्या जेवणात काही गेले, की कुणी मुद्दाम काही मिसळले? तिन्हींची सुरुवात एकाच नोंदीपासून होते. दहशतवादासाठी वेगळी सिस्टर आणि पुरासाठी वेगळी सिस्टर, असे नसते.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला आणि २००८ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद तयार झाले. मग कागदाची परीक्षा घ्यायला २०२० उजाडले.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने करोनासाठी साथरोग कायदा लागू केला. तोच, १८९७ चा. सव्वाशे वर्षांत देश स्वतंत्र झाला, राज्य झाले, चंद्रावर यान गेले, पण साथ आली की कपाटातून निघाला तो रँडच्या काळातला कायदा. एप्रिलमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षेची तरतूद आली. ती गरजेचीच होती. पण नागरिकाला खरी माहिती मिळण्याचा हक्क आणि त्याच्या घराची अब्रू यांविषयी तो कायदा आजही अबोल आहे.

करोनाच्या सुरुवातीला अफवेने एक पत्ता शोधला होता, आणि तो माझ्यासारख्या नावाच्या माणसांचा होता. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी नाकारल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तबलीगच्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे सुनावले. हे कुणाला टोचावे म्हणून सांगत नाही. रोगाला जात चिकटवली की त्या जातीचा माणूस रोग लपवतो. १८९८ चा जुलाहा आणि २०२० चा तरुण यांच्या मनात भीती एकच. आणि लपवलेला रोग शेजारच्या घरी जाताना नाव विचारत नाही. त्याच वर्षी राज्यात ठिकठिकाणी मुसलमान तरुणांनी, नातलगही जवळ येत नव्हते अशा हिंदू मृतांना खांदा दिला, अग्नी दिला. 'साथ' शब्दाचे दोन्ही अर्थ तेव्हा एकाच रस्त्यावर भेटले.

आपल्या जिल्ह्याने तर २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पाण्याने महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी मुंबईहून किंवा पुण्याहून मदत येईल, ती पाणी उतरल्यावर. तोवर जे काही करायचे ते गावात असलेल्या माणसांनी. टाकीत टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक, ओटी टेस्ट करून क्लोरिन आहे की नाही ते पाहणारी आरोग्यसेविका, घरोघर फिरून तापाचे रुग्ण मोजणारी आशाताई. मंत्रालयातल्या आराखड्याचे हे शेवटचे टोक वाटते. खरे तर ते पहिले टोक आहे. निरोप इथून निघतो.

म्हणून पूर्वतयारी म्हणजे काय, तर खोलीत रचलेले मास्क आणि परदेशी यंत्रे एवढेच नव्हे. उपकेंद्रातली जागा रिकामी नाही ना, हे पाहणे म्हणजे तयारी. आशाताईचा मोबदला वेळेवर देणे म्हणजे तयारी. खरा आकडा कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला 'तुमच्याच भागात कसे रुग्ण निघतात?' असे न दरडावणे म्हणजे तयारी. कारण एकदा दरडावले की पुढच्या वेळी आकडा शून्य येतो आणि तो शून्य सगळ्यात घातक असतो. जनावरे मेली, कोंबड्या मेल्या, उंदीर पडले, तर पशुवैद्यकीय दवाखान्याने ते आरोग्य केंद्राला सांगणे म्हणजे तयारी. आणि संकट आल्यावर लोकांना खरे सांगणे, जेवढे कळले तेवढे आणि रोजच्या रोज, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड तयारी.

यातली बरीच कामे सरकारची आहेत. पण काही आपलीही आहेत. पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेच्या वॉर्डात रस्ता आणि गटारीचे विचारून झाले की आणखी दोन प्रश्न विचारा. आपल्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? आणि आपल्या उपकेंद्रात सिस्टर आहे का? व्हिएगस यांनी एका रुग्णाकडे नीट पाहिले म्हणून मुंबईला प्लेगचे नाव कळले. उद्याची साथ निसर्गाने आणलेली असो की कुणा माणसाने, ती आधी दिसणार आहे अशाच एखाद्या सिस्टरला. तिने कळवले तर ऐकणारा कुणी असावा, एवढी व्यवस्था आपण आजपासून करू शकतो.